हाकेला ओ न देणारी पोरं

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळपासून पुस्तकं उन्हात टाकायचं काम चाललं होतं. यंदा पाऊस लांबला आणि वसतिगृहाच्या कपाटाला मागून ओल आली. काही पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती, काहींना कसर लागली होती. मी ओसरीवर सतरंजी पसरून एकेक पुस्तक उघडून ठेवत होते. ज्यांचे पुठ्ठे सुटले होते त्यांना गव्हाच्या पिठाची खळ लावून वर वीट ठेवत होते.

आमचं वसतिगृह म्हणजे गावाबाहेर दोन खोल्या, एक ओसरी आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या भागातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. पोरांची शाळा सुटू नये म्हणून तेवढे महिने ती आमच्याकडे राहतात. त्यांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं आणि संध्याकाळचं वाचन माझ्याकडे. स्वयंपाकाला एक मावशी आहेत. त्या शेजारच्याच वस्तीवर राहतात आणि त्यांना माझं कुठलंच काम पहिल्या फटक्यात पटत नाही.

उन्हात टाकलेल्या पुस्तकांत एक पातळ, काळ्या पुठ्ठ्याचं होतं. पुण्याच्या एक बाई दरवर्षी आम्हाला पुस्तकांचं खोकं पाठवतात, त्यातून आलेलं. खोकं पोचलं का हे विचारायला त्यांनी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "एकतीस तारखेला हॅलोविन असतो. त्या दिवशी मुलांना मुद्दाम भीतीची पुस्तकं वाचून दाखवतात. तुम्हीपण करा ना, मजा येईल." मी बघते म्हणाले. आमच्याकडे घाबरायला वेगळा दिवस लागत नाही, पण पोरांना पुस्तकापाशी बसवणारं कुठलंही निमित्त मला चालतं.

हॅलोविन हा शब्द पोरांना माझ्याआधी ठाऊक होता. मावशींच्या मोबाईलवर त्यांनी कुठल्याशा शाळेतले फोटो पाहिले होते. तोंडाला पांढरा रंग फासलेली मुलं आणि मध्ये टेबलावर डोळे, दात कोरलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, आत दिवा. आमच्या ओसरीवर डांगर होतंच, वस्तीवरून भाजीसाठी आलेलं.

"बाई, आपन बी कोरू की," पोरं मागे लागली.

मावशी चुलीपुढून उठून आल्या. "हात लावायचा न्हाई. भाजी हाय ती. आन् अख्खं डांगर बाईमानसानं पयल्यांदा चिरू नये."

"मंग कोन चिरतं?"

"गडीमानूस. त्यानं पयला घाव घातला की मंग बाईनं चिरायचं."

"हितं गडीमानूस कुठं हाय?"

"म्हनूनच पडून हाय," मावशी म्हणाल्या आणि डांगर उचलून आत घेऊन गेल्या.

डांगर गेलं, तेव्हा राहिलं पुस्तक. चार वाजता पोरांना ओसरीवर बसवलं आणि वाचायला घेतलं.

गोष्ट अशी होती. एक मुलगा पिकाची राखण करायला रात्री एकटा शेतातल्या उंच माळ्यावर बसलेला असतो. त्या रानात काहीतरी राहतं. त्याला अंग नाही आणि स्वतःचा आवाजही नाही. रानात कोणी बोललं की त्याचा आवाज ते ठेवून घेतं आणि अंधार पडला की त्याच आवाजात हाक मारतं. जेवढं कानावर पडलं तेवढंच त्याला बोलता येतं. रानात माणसं एकमेकांना सगळ्यात जास्त नावानंच बोलावतात, म्हणून ते नाव घेतं. हाकेला ओ दिली की माणूस गेला. तर त्या मुलाला माळ्याखालून हाक येते, आईच्या आवाजात.

सुरुवातीला पोरं एकमेकांना ढोसत होती. आईची हाक आली तशी गप्प झाली. एक जण म्हणाला, "आमची आजी बी आसंच सांगती. तिन्हीसांजंला कुनी नाव घेतलं तर लगीच ओ द्यायची न्हाई."

मागच्या रांगेत चौथीतली एक मुलगी बसली होती. बोलायला कमी, वाचायला सगळ्यांच्या पुढे. साखरेच्या पुडीचा कागद हातात आला तरी तो वाचून मगच टाकणारी. तिचे आईबाप त्याच आठवड्यात कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर गेले होते. तिनं हात वर केला.

"बाई, ते उसात बी आसतं का?"

"उंच पीक असलं की झालं," मी म्हणाले आणि पुढे वाचायला लागले.

मुलगा माळ्यावरून खाली उतरतो. एक पाय जमिनीला टेकवतो. आणि हाक आता त्याच्या पाठीमागून येते. इथं मी पुस्तक मिटलं. ही माझी रीतच आहे. गोष्ट अर्धी ठेवली की दुसऱ्या दिवशी पोरं न बोलावता येतात, कोणाला हाताला धरून आणावं लागत नाही. पोरांनी गलका केला, त्यांना करू दिला. पुस्तक माझ्या खांद्यावरच्या पिशवीत टाकलं, कारण बाहेर ठेवलं तर वाचणारी पोरं शेवट वाचून बाकीच्यांना सांगून टाकतात.

मग चहा झाला. मी पुस्तकं गोळा करून कपाटात लावली, खळीचं भांडं घासायला टाकलं. उजेड उतरायला लागला तशी पोरांना आत घ्यायला निघाले.

अंधाराच्या आत पोरं घरात, हा नियम तेव्हा सगळ्या भागातच होता. आठवड्यापूर्वी बिबट्यानं वस्तीवरची शेळी नेली होती. वनखात्याचे लोक येऊन ओढ्याकाठी पिंजरा लावून गेले होते. त्यांच्यातल्या एकानं पोरांना समोर उभं करून सांगितलं होतं की बिबट्या उभ्या माणसाला सहसा टाळतो. वाकलेलं, खाली बसलेलं माणूस मात्र त्याला जनावरासारखं दिसतं. म्हणून रानात बसायचं नाही, वाकायचं नाही, मोठ्यानं बोलत चालायचं.

मी पोरं मोजली. ती मुलगी नव्हती.

संडासाकडे पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, दोन्ही खोल्यांत गोधड्या उचलून पाहिल्या. तेवढ्यात मावशी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझा मोबाईल कुनी उचलला?"

तेव्हा कळलं ती कुठं गेली असेल. आमच्या वसतिगृहात रेंज कधी असते, कधी नसते. मागे तुरीचं शेत आहे आणि तुरीच्या पलीकडे टेकाड. टेकाडावर रेंज हमखास मिळते. दर रविवारी मी पोरांना तिथं नेते आणि एकेकाच्या आईबापाला फोन लावून देते. हिला रविवारपर्यंत दम निघाला नव्हता.

माझ्या मोबाईलला नशिबानं एक कांडी दिसत होती. मी मावशींचा नंबर लावला. एक रेकॉर्ड केलेला आवाज सांगायला लागला की ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला, पुन्हा तेच. म्हणजे ती टेकाडावर नव्हती. टेकाडावर नाही आणि घरातही नाही, म्हणजे मधल्या तुरीत होती.

ऑक्टोबरअखेर आमच्याकडची तूर माणसाच्या डोक्यावर जाते. आत शिरलेलं माणूस बाहेरून दिसत नाही.

मी घाबरले की हुकूम सोडते. पोरांना म्हटलं, एका खोलीत बसा, आतून कडी लावा, मी आल्याशिवाय उघडायची नाही. मावशींना म्हटलं, वस्तीवर जा आणि मिळेल तो माणूस घेऊन या, डबे वाजवत या. हे बोलताना माझा आवाज नीट होता. पायात चप्पल घालताना डावी-उजवी मात्र कळेना.

"भुताची पुस्तकं वाचा आनखी," मावशी जाता जाता म्हणाल्या.  

वस्तीवरची माणसं आली. पुढे मावशींचा धाकटा दीर, हातात मोठी बॅटरी. मागे एक म्हातारे आणि दोन-तीन जण, कोणाकडे काठी, कोणाकडे पत्र्याचा डबा. आम्ही बांधाबांधानं पसरलो आणि तिच्या नावानं हाका मारायला लागलो. मावशींची बारीक हाक, दिराची घोगरी, म्हाताऱ्यांची कापरी, माझी. हाका टेकाडाला आपटून परत येत होत्या. थोड्या वेळानं कुठली हाक कोणाची तेच समजेना. एकदा माझ्याच आवाजात तिचं नाव माझ्या पाठीमागून आलं आणि मी गर्रकन वळले.

दीर टेकाडावर जाऊन आला. त्याच्या हातात तिची चप्पल होती. एकच.

"ही घावली. दुसरी न्हाई."

मी ती चप्पल हातात घेतली. अंगठ्याचा पट्टा तारेनं बांधलेला होता. तो मीच बांधून दिला होता.  डोळ्यांसमोर जे येत होतं ते येऊ द्यायचं नाही म्हणून मी सारखी बोलत होते. तुम्ही ओढ्याकडं जा, तुम्ही रस्त्याकडं जा, पिंजऱ्याकडं बघा. पिंजरा रिकामा होता. कोणी तरी म्हणालं, वस्तीवरची कुत्री मघापासून भुंकायची थांबली आहेत. बिबट्या जवळ आला की कुत्री गप्प होतात, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं.

सगळ्यात भीतीची गोष्ट ही की आतून काहीच येत नव्हतं. रडणं नाही, ओरडणं नाही. पोर जिवंत असेल, शुद्धीवर असेल, तर इतक्या हाकांना ओ का देत नाही? या प्रश्नाची मला दोनच उत्तरं सुचत होती आणि दोन्ही मला नको होती.

ती दुसऱ्या वाटेनं परत आली असेल, या आशेवर मी पळत वसतिगृहात गेले. दार आतून बंद होतं.

"उघडा, मी आहे. आली का ती?"

आत काही नाही.

मी दार वाजवलं. "अरे, उघडा! मी आहे, बाई!"

काही नाही. इतकी पोरं एका खोलीत आणि साधा खोकण्याचा आवाज नाही. आमच्याकडे पोरं झोपेतसुद्धा इतकी गप्प नसतात.  पुढच्या दाराला कडी घातली, पण मागची खिडकी? तिला गज आहेत की एक तुटला आहे? मला आठवेना. मी मुठींनी दार बडवायला लागले आणि एकेका पोराचं नाव घेऊन हाका मारायला लागले. नाव घ्यावं तशी आतली शांतता आणखी घट्ट होत होती.

शेवटी दाराच्या फटीतून, अगदी खालून, बारीक आवाज आला.

"बाई आसाल तर पुढचं सांगा."

"कशाचं पुढचं?"

"गोष्टीचं. पुस्तक बाईंच्या पिशवीत हाय. पुढचं बाईंनाच ठावं."

दुसरं कोणी तरी कुजबुजलं, "बोलू नगंस ना! ऐकतंय ते."

मी दारात उभी राहिले. पिशवी अजून खांद्यालाच होती. पुस्तक मी सकाळी चाळलेलं होतं. म्हणाले, "तो मुलगा मागे वळत नाही. तसाच उभा राहतो. आणि हाक मारणाऱ्याला म्हणतो, तू माझी आई असशील तर सांग, आज घरी कालवण कशाचं केलं होतंस?"

आत खुसपुस झाली.

"मंग?"

"मग ते गप्प बसतं. कारण कालवणाचं रानात कोणी बोललेलं नसतं."

कडी निघाली. "बाईच हायेत!" म्हणून सगळी एकदम ओरडली आणि माझ्या अंगावर आली. पुस्तकातल्या मुलाला जे सुचायला अर्धं पुस्तक लागलं ते यांना दाराआड बसून सुचलं होतं. एरवी मी तिथंच त्यांचं कौतुक केलं असतं. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात एकच गोष्ट लखकन चमकली. ही पोरं घरात, कडीच्या आत, सगळी एकत्र असून माझ्या हाकेला ओ देत नव्हती. ती तर एकटी तुरीत होती आणि तिच्या नावानं चारी बाजूंनी नाना आवाज येत होते.

ती जिवंत होती. ऐकत होती. आणि जितक्या आम्ही हाका मारत होतो तितकी ती आणखी खाली बसत होती.

खाली बसत होती हे कळल्यावर मला जेवढी भीती वाटली तेवढी आजवर दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

मी परत पळाले. बांधावर दीर बॅटरी मारत तिचं नाव ओरडत होता.

"हाका बंद करा. सगळ्यांनी. कोणी नाव घ्यायचं नाही."

"आवं बाई, हाका न्हाई मारल्या तर कळंल कसं तिला?"

"कळतंय तिला. म्हणूनच येत नाही."

त्याला ते समजलं नाही आणि समजावायला मला वेळ नव्हता. मावशींना मात्र पटकन समजलं. त्या दुपारी चुलीपुढून गोष्ट ऐकत होत्या, ऐकत नसल्यासारखं करत. त्यांनी शेजारच्या माणसाच्या हातातून डबा काढून घेतला आणि दिराला म्हणाल्या, "गप ऱ्हा म्हनत्यात तर गप ऱ्हा की जरा."

सगळे गप्प झाले. तूर काळी दिसत होती. मी बांधावर सरळ ताठ उभी राहिले, मोबाईलचा दिवा पुस्तकावर धरला आणि मघाशी जिथं मिटलं होतं तिथून मोठ्यानं वाचायला लागले.

पहिल्या दोन ओळी माझ्या मलाच ऐकू आल्या नाहीत, इतकं काळीज वाजत होतं. शब्दांवर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं, मी वाचत गेले. मुलगा मागे वळत नाही. मुलगा विचारतो. मागे दीर हळूच म्हणाला, "वैनी, बाई बिबट्याला गोष्ट सांगत्यात काय?" आणि मावशींनी त्याला कोपर मारल्याचं मला कळलं.

एक पान झालं. उलटताना ओलीमुळं पुढची दोन पानं चिकटली; ती घाईनं सोडवताना कोपरा फाटला. आणि तेवढ्यात तूर हलली. मी जिकडं तोंड करून उभी होते तिकडची नाही. डाव्या हाताला, ओढ्याच्या बाजूची. वारा नव्हता. एकदा हलली, थांबली. मी वाचणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. दिरालाही दिसलं असावं, कारण त्याची बॅटरी तिकडं वळली आणि काठ्या घेतलेले दोघं माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.

मग समोरून, माझ्या अंदाजापेक्षा फारच जवळून, आवाज आला.

"डांगराचं काय झालं?"

तिचा आवाज. रडका नव्हता. परीक्षा घेणारा होता.

"अख्खंच आहे," मी म्हणाले. "मावशी चिरू देत नाहीत."

"का?"

"बाईमाणसानं पहिल्यांदा चिरू नये म्हणून."

 मग तूर बाजूला झाली आणि ती बाहेर आली. एक पाय अनवाणी, केसांत तुरीची पिवळी फुलं, दोन्ही हातांनी मोबाईल पोटाशी धरलेला. आमच्यात आणि तिच्यात मघापासून फार तर तुरीच्या चार ओळींचं अंतर होतं. आम्ही तिच्या डोक्यावरून हाका मारत होतो.

मावशींनी एका हातानं तिला धपाटा घातला आणि त्याच हातानं पदर घेऊन तिचं तोंड पुसलं. "माझ्या मोबाईलला हात लावशील परत?" मी तिचं मनगट धरलं ते घरी जाईपर्यंत सोडलं नाही. वाटेत तिनं दोनदा हात सोडवायचा प्रयत्न केला. दुखत असणार.

"गेलीस कशाला?" मी विचारलं.

"आयला सांगायचं हुतं. उसात हाक आली तर ओ दिऊ नगं म्हनून. ती उसातच आसती दिसभर. तुमी म्हनला ना, उंच पीक आसलं की झालं."

"लागला फोन?"

"वाजला. उचलला न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "मंग माझं नाव यायला लागलं. सगळीकडनं. तुमचा बी आवाज हुता."

 आईनं फोन उचलला नाही, तेव्हा या पोरीनं त्याचा काय अर्थ लावला असेल, तो अर्थ मनात धरून ती तुरीत किती वेळ बसली असेल, हे मला बांधावरच कळलं. आमची भीती पोर सापडली तशी संपली होती. तिची अजून तशीच होती. मी तिथूनच परत टेकाडावर जाऊन फोन लावून दिला असता, पण डाव्या बाजूची तूर माझ्या डोक्यातून गेली नव्हती. तिला म्हटलं, सकाळी उजाडलं की पहिलं काम तेच. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणाले, नक्की.

जेवणं झाल्यावर मी ते पुस्तक शेवटापर्यंत वाचून टाकलं. अर्धं ठेवलं नाही. दाराशी स्वतःचं अंथरूण घातलं, आणि खिडकीच्या गजांना हात लावून बघितला. सगळे शाबूत होते.

सकाळी उजाडल्यावर दीर आणि म्हातारे ओढ्याकडच्या तुरीत बघून आले. ठसे होते. ते कालचे की आधीचे यावर दोघांचं बांधावरच भांडण लागलं. मी ते मिटेपर्यंत थांबले नाही. मुलीला घेतलं, दुसरी चप्पल वाटेत तुरीतून शोधून काढली, आणि टेकाडावर गेले.

फोन वाजत राहिला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी मोबाईलकडे. मग पलीकडून एकदम ऊसतोडीचा आवाज, ट्रॅक्टर, आणि बाईचा दम लागलेला आवाज: "हां, कोन?"

मी स्पीकर लावून मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं ओ दिली नाही. मोबाईलकडे बघून विचारलं, "जाताना मला काय दिलं हुतं?"

"आगं काय इचारतीस सकाळ सकाळ? खोबऱ्याचा गोळा दिला, आन् काय? खाल्लास का न्हाई?"

मुलीच्या खांद्यातला ताठरपणा गेला तो मला शेजारी उभं राहून दिसला. "आये, काल फोन का न्हाई उचलला?"

"गाडी भरत हुतो. फोन कोपीत अंथरुनापाशी हुता. काय झालं?"

"उसात कुनी हाक मारली तर ओ दिऊ नगं."

"बया! हितं पहाटं मुकादम हाक मारतोय. ओ न्हाई दिली तर खाडा पडंल की."

"मंग आधी त्याला इचारायचं."

"मुकादमाला? काय इचारू?" पलीकडे दुसरी कोणी बाई हसली.

मुलीनं विचार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी जरा लांब व्हा."

"मी?"

"काल तुमी गोष्ट सगळी रानात मोठ्यानं वाचली. आता ती त्याला बी ठावी झाली. ती चालायची न्हाई. दुसरं कायतरी पायजे."

मी मोबाईल तिच्या हातात दिला आणि लांब जाऊन उभी राहिले. तिनं स्पीकर बंद केला, पाठ फिरवली आणि तोंडावर हात धरून आईला काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होती. मी ऐकलं नाही. ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभी राहून तुरीकडे लक्ष ठेवत होते.

खाली आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. मावशी पीठ मळत होत्या. मी कोपऱ्यातलं डांगर ओढून ओसरीवर आणलं, कोयता घेतला आणि पहिला घाव घातला. मावशींनी मान वर करून पाहिलं.

"घातलात ना गडीमानसाचा घाव?" त्या म्हणाल्या. "आना आता हिकडं. भाजीला उशीर व्हतोय."